वारेची सुलट बाजू

माझ्या बायकोला प्रसूतीच्या वॉर्डात सगळे बर्फताई म्हणतात. आता, जिच्या नाकावर माशी बसली तर माशीनेच माफी मागावी, अशा बाईला बर्फ म्हणणं म्हणजे कमालच आहे. पण तिच्या हातात कायम कोरड्या बर्फाचा डबा असतो, त्यातून धूर निघत असतो, आणि जिन्यावरून ती अशी सुटते की सफाईवाल्या बायका आधीच भिंतीला चिकटून उभ्या राहतात. म्हणून बर्फताई. मी एकदा घरी त्या नावाने हाक मारून पाहिली. परत मारली नाही.

तिचं काम असं. बाळ जन्मलं की सगळं जग बाळाकडे धावतं आणि ही वारेकडे. बाळाच्या मागून पडते ती वार. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला आणि दुसरं या वारेला. इतके महिने बाळाचं खाणंपिणं, श्वास, सगळं हिच्यातून, आणि बाळ बाहेर आलं की कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. बादलीत जाते. माझी बायको ती बादलीत जाऊ देत नाही. अर्ध्या तासाच्या आत तिचे तुकडे कापायचे, कुप्यांत भरायचे, कुप्या गोठवायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या टाकीत ठेवायच्या. अकरा वर्षं हेच चाललंय. मी शिंपी. घराच्या खालीच दुकान. लोक म्हणतात, नवरा-बायको दोघंही कातरकामातच. म्हणेनात का.

ते तुकडे कशाला लागतात, हे तिने मला माझ्याच टेबलावर समजावलं. माझा खडू उचलला आणि म्हणाली, "तुम्ही कापडावर खुणा करता ना? इथे काप, इथे दुमड, इथे चुणी सोड. कापड तेच, एक धागा बदलत नाही. पण खुणा चुकल्या तर सदऱ्याचा झगा होतो की नाही?" मी म्हटलं, माझ्या हातून तरी अजून झालेला नाही. "ऐका हो! पेशींमध्येही तसंच असतं. आईबापाकडून आलेला मजकूर तोच राहतो, पण त्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. हे वाच, हे वाचू नकोस. आईचा रक्तदाब चढला, वारेला रक्त पुरेना, बाळ पोटात वाढेनासं झालं, की वारेतल्या खुणा वेगळ्या दिसतात."

"म्हणजे खुणा बदलल्या म्हणून आजार येतो?"

"की आजार आला म्हणून खुणा बदलतात? तेच तर कोणाला धड माहीत नाही. म्हणून आजारी बाईची वार आणि धडधाकट बाईची वार, दोन्ही गोळा करायच्या आणि ताडून बघायच्या."

हे ताडून बघणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणजे तिच्या साहेब. बुटक्या, तोंडाने फटकळ, चष्मा डोक्यावर सरकवून तोच सगळीकडे शोधत हिंडणाऱ्या. आमच्या हिचं आणि त्यांचं छान जमतं, कारण दोघी एकमेकींना सारख्या झापत असतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. वारेला दोन बाजू असतात. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, नाळेपासून निघालेल्या निळसर शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. आईच्या पोटाला चिकटलेली बाजू खडबडीत, लालभडक, कच्च्या मांसासारखी. मी ऐकलं आणि म्हटलं, म्हणजे कापडासारखंच, सुलट आणि उलट. तिला ते इतकं पटलं की आता सगळा वॉर्ड सुलट-उलट म्हणतो. आणि नियम असा की कापायचं ते सुलट बाजूने. वरची कातडी काढून टाकायची आणि आतला गर घ्यायचा. कारण वार ही बाळाची असते, पण उलट बाजूला आईच्या स्वतःच्या पेशींचा एक पातळ थर येतो. तो कुपीत गेला की बाळाच्या खुणांमध्ये आईच्या खुणा मिसळल्या. खिचडी.

हिला हा नियम तोंडपाठ होता. नव्या येणाऱ्या पोरींना तीच शिकवायची. आणि तरीही तिने तो मोडला. एकदा नाही, सहा वर्षं.

झालं असं की ज्या बाईचा रक्तदाब चढलेला असतो, जिचं बाळ अगदी एवढंसं जन्मतं किंवा राहत नाही, ती बाई शुद्धीवर आली की पहिला प्रश्न ठरलेला. "माझंच काही चुकलं का?" डॉक्टर नाही म्हणतात. नर्स नाही म्हणते. पण नुसतं नाही म्हटल्याने कोणाला पटलंय? मग आमची ही काय करायची, तर त्या बाईची वार स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून, वर स्वच्छ कापड घालून तिच्या खाटेपाशी न्यायची. हळूच विचारायची, बघायचीय का? नको म्हटलं तर तशीच परत. हो म्हटलं तर कापड काढायची. "ही बघ. एरवी ताटलीएवढी असते, तुझी बशीएवढी आहे. हिला रक्तच पुरेसं मिळालं नाही. हे पहिल्या तीन-चार महिन्यांत ठरतं, तुला दिवस गेल्याची नीट सवयही झालेली नसते तेव्हा. एवढ्याशा बशीने शेवटपर्यंत तुझ्या बाळाला भरवलं बघ. तुझं काही चुकलेलं नाही." बायका बोट पुढे करून त्या शिरांवरून फिरवतात म्हणे. काही रडतात. एकीने तर वारेला नमस्कार केला.

हे दाखवणं कुठल्याच नियमात नव्हतं. डॉक्टरीणबाईंना माहीतही नव्हतं. आणि दाखवायची तर सुलट बाजू अख्खी हवी, चार ठिकाणी खड्डे पाडलेली वार त्या बाईसमोर कशी न्यायची? अशी बाई शुद्धीवर यायला कधी चार-चार तास लागतात, तोवर कापायचं थांबता येत नाही. म्हणून आमची ही आजारी बायकांची वार उलट बाजूने कापायला लागली. आईचा थर खरवडून काढायची, पण घाईत कितीसा निघणार? धडधाकट बायकांची मात्र नियमाप्रमाणे, सुलट बाजूने. तिला वाटलं, तुकडा तो तुकडा.

मी शिंपी असून मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला असता. एक बाही उभ्या धाग्यात कापायची आणि दुसरी आडव्यात, आणि मग म्हणायचं, बघा, माणसाचे दोन हात वेगळे आहेत!

झालं तेच. डॉक्टरीणबाईंकडे संगणकावर बसणारी एक मुलगी आहे, तिला सगळे आकडेवाली म्हणतात. तिच्या लक्षात आलं की आजारी बायकांच्या मुलग्यांच्या वारेत थोडा बाईचा अंश दिसतोय. मुलग्याची वार म्हणजे मुलग्याची, तिच्यात बाई कुठून आली? आईच, दुसरं कोण! कुप्यांची अदलाबदल झाली का ते तपासलं. झाली नव्हती. धडधाकट बायकांच्या वारेत तसं काही नाही, फक्त आजारी बायकांच्याच. तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत चमक आली. त्यांना वाटलं, आजारी वारेत आईच्या पेशी जास्त शिरत असतील, हे तर नवीनच हाती लागलं! सगळ्यांना खोलीत बोलावून त्यांनी हे सांगितलं, चहा मागवला, महिनाभरात छापायला पाठवू म्हणाल्या. आमची ही तिथेच बसली होती. तिने चहाचा कप तसाच ट्रेमध्ये परत ठेवला.

घरी येऊन स्वयंपाक केला. भाजीत मीठ नाही. मी म्हटलं, "बर्फ वितळला का आज?" एरवी लाटणं आलं असतं. ती मटकन खाली बसली आणि सगळं सांगितलं.

माझं पहिलं बोलणं काय असावं? खरं तेच सांगतो. मी म्हटलं, "गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या खुश आहेत, तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर गेली, पण मग त्या बायकांना दाखवणार कोण?" ती म्हणाली. "आणि नाही सांगितलं तर? उद्या कोणीतरी याच्यावरून औषध शोधायला बसेल. आजार नाही हो तो, माझी सुरी आहे!"

असं सगळं दोन्हीकडून अडलं. सांगितलं तर दाखवणं कायमचं बंद. नाही सांगितलं तर खोटं छापून येणार. तिला ते दाखवणं किती जिवाचं होतं, हे मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर उभी राहून तिने सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "असं का केलंस ते लेखी दे. सोमवारी."

आमच्या हिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. घरातलं लिहायचं काम माझ्याकडे. रविवारी दुपारी मी दुकानात टेबलावरचं कापड बाजूला सारलं, कागद घेतला, आणि ती समोर बसून सांगायला लागली.

"लिहा. 'आजारी बायकांची वार मी उलट बाजूने कापत होते. नियम मला माहीत होता.'"

"हे कशाला? नियम नीट समजला नव्हता असं लिहू."

"अकरा वर्षं कापतेय आणि समजला नव्हता? तुम्ही नुसतं लिहा हो. रफू करू नका."

लिहिलं. "'सुलट बाजू मला त्या आईला दाखवायला अख्खी हवी होती. कारण...'" इथे ती थांबली. माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या कात्रीकडे बघत तिने पुढचं एका दमात सांगितलं. "'कारण बावीस वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात झालं. माझा रक्तदाब चढला होता. बाळ दोन दिवस होतं. मला वार कोणी दाखवली नाही आणि कोणी काही सांगितलंही नाही. घरी आल्यावर घरातल्या एका माणसाने सांगितलं की मी खुर्चीवर चढून पडदे लावले, म्हणून असं झालं.'"

माझं पेन थांबलं. तेव्हा आमच्या घरात माणसं दोनच होती. त्यातली एक ती.

मी ते विसरलो होतो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. नव्हतो विसरलो. बाळासाठी मी सहा झबली शिवली होती, ती कपाटात ठेवत होतो, आणि कोणावर तरी राग काढायचा होता. देवावर काढता येईना. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "सांगितलं होतं ना, खुर्चीवर चढू नकोस म्हणून!" ती उठली. आत गेली, सगळे पडदे काढले, घड्या घातल्या आणि ठेवून दिले. पुढे किती दिवस आमच्या खिडक्या उघड्याच होत्या. नंतर मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, आणि त्या वाक्याबद्दल आम्ही दोघांपैकी कोणी कधी अवाक्षर काढलं नाही.

"लिहिलंत का?"

"लिहितोय."

"'दुसऱ्या खेपेला मी नऊ महिने साधी पायरीसुद्धा भिंत धरून चढले. मग इथे लागले आणि पहिल्यांदा अशा आजारातली वार हातात घेतली. तेव्हा मला कळलं की पडदे लावल्याने असं होत नाही. ज्या बायकांना घरी जाऊन असं काही ऐकावं लागेल, त्यांनी जायच्या आधी खरं काय ते बघून जावं, म्हणून मी दाखवत होते. चूक माझी आहे.' झालं. सही कुठे करू?"

तिने सही केली आणि चहा टाकायला वर गेली. मी तसाच बसून राहिलो. लाजेने माझे कान तापले होते. मग पेन उचललं, 'घरातल्या एका माणसाने' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'माझ्या नवऱ्याने'. माझ्या अक्षरातल्या कागदावर खाडाखोड कोणी पाहिली नसेल, त्या दिवशी झाली. तिच्या सहीच्या खाली आणखी चार ओळी लिहिल्या, कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवून टाकलं. तिने ते उघडून पाहिलं नाही. माझ्या लिहिण्यावर तिचा भरवसा आहे.

सोमवारी अकराच्या सुमाराला दुकानात फोन आला. डॉक्टरीणबाई स्वतः. "टेलरमास्तर, या जरा." गिऱ्हाईक अर्ध्या मापावर उभं होतं, त्याला तसंच सोडून गेलो.

खोलीत आमची ही भिंतीशी उभी, डोळे लाल. आकडेवाली संगणकात तोंड घालून बसलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छापायला पाठवणं थांबवलंय. तुकडे गोठलेले आहेत, फुकट जाणार नाहीत. ही म्हणते, तुकड्याची आईकडची बाजू ही कुपीत कायम खाली ठेवत आली. म्हणजे आईचा थर कुठे आहे ते हिलाच माहीत. तो गोठलेल्या तुकड्यावरून तासून काढायचा. दोनशे बारा कुप्या आहेत. हिनेच काढायच्या." माझा जीव भांड्यात पडला. नोकरी राहिली. "पण यापुढे सगळ्यांची वार सुलट बाजूनेच कापायची. आणि दाखवणं बंद."

"मग मला वर टाकीच्या कामावर ठेवा," आमची ही म्हणाली. "कापायला दुसरी कोणी बघा. मी कापून मोकळी होईन आणि ती बाई तिकडे विचारत राहील, हे माझ्याच्याने व्हायचं नाही." आवाज चिरका झाला होता, पण मागे हटायची नाही ही बाई.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पाकिटातून कागद काढला. "सहीच्या खालचं हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हिने वाचलंय?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी तो कागद हिच्या हातात दिला.

मी लिहिलं होतं ते असं. 'वरचं वाक्य मी बोललो होतो. मी तेव्हा दवाखान्याच्या बाहेर उभा होतो आणि मला कोणी आत बोलावून काही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मी तसं बोललो नसतो. बावीस वर्षांत मी ते वाक्य मागे घेतलं नाही, आज घेतो. तिचं काहीही चुकलं नव्हतं.'

तिने एकदा वाचलं. मग खोडलेल्या जागेवर अंगठा ठेवून पुन्हा वाचलं. कागद डॉक्टरीणबाईंना परत दिला नाही, घडी करून स्वतःच्या खिशात घातला. डॉक्टरीणबाईंनीही मागितला नाही. त्या चष्मा शोधत राहिल्या, जो त्यांच्या समोरच होता.

मग नाक ओढून म्हणाल्या, "सुलट बाजूने कापायचं, आणि सुलट बाजू दाखवण्यासारखी राहिली पाहिजे. आहे का कोणाकडे अक्कल?"

मी म्हटलं, "खिसा."

"काय?"

"आतला खिसा करतो ना आम्ही, तसं. कापड काढून टाकायचं नाही, नुसती चीर द्यायची, शिरा चुकवून. कातडी उचलायची, आतला गर घ्यायचा आणि कातडी परत बसवायची. वरून नुसती रेघ दिसेल."

त्यांनी लगेच एक वार मागवली. आमच्या हिने चीर दिली, गर काढला, कातडी परत बसवली. आकडेवाली उठून बघायला आली. शिरांचं झाड तसंच्या तसं होतं. डॉक्टरीणबाईंनी ट्रे उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "ठीक. आजारी असो की धडधाकट, सगळ्यांची अशीच कापायची. दाखवायची तर आता नियमात बसवून, बाईला विचारून. आणि आणखी एक. तिची हरकत नसेल तर बाहेर जो कोणी उभा असेल, नवरा, सासू, कोणीही, त्यालाही आत बोलवायचं. घरी जाऊन बोलणारं माणूस बाहेरच उभं असतं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार.

त्या दोनशे बारा कुप्या तासायला तिला तीन महिने लागले. बोटं फुटली गारठ्याने. आकडेवालीने पुन्हा ताडून पाहिलं तेव्हा तो थाटामाटाचा फरक बराचसा आटला, पण सगळा गेला नाही. उरला तो आजाराचा, सुरीचा नव्हे.

त्या सोमवारी मात्र डॉक्टरीणबाईंनी तिला लवकर घरी धाडलं. आम्ही दोघं चालत निघालो. कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्यापाशी आल्यावर मला राहवेना. म्हटलं, "अगं, बावीस वर्षं एकदाही बोलली का नाहीस? भांडायची होतीस. एरवी मिठावरून भांडतेस."

"मला वाटायचं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "विसरलेल्या माणसाशी काय भांडायचं? तो म्हणणार, मी असं कधी म्हटलं?"

"नव्हतो विसरलो."

"मग?"

"लाज वाटत होती."

ती थांबली. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये, माझ्या दंडाला धरून ती रडली. बाळ गेलं तेव्हासुद्धा माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मीही रडलो, लपवत नाही. चप्पलवाल्याने आम्हाला बसायला त्याचा बाक दिला.